आकडेमहाराजांचं शेपूट

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आमच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. चारशे खुर्च्या भरलेल्या, आणि भिंतींना टेकून आणखी तेवढीच माणसं उभी. निम्मी पांढऱ्या कोटातली, निम्मी रोगी आणि त्यांच्या घरची. कोणाच्या मांडीवर फायली, कोणाच्या हातात सोनोग्राफीची पाकिटं. समोर भिंतीएवढा पडदा, आणि त्या पडद्यावर फक्त एक आकडा. २४,५७६.

निवेदिका म्हणाली, "हा आकडा नीट बघून ठेवा. आपल्या सरांच्या संशोधनाचा जगभरच्या शास्त्रज्ञांनी आजवर इतक्या वेळा दाखला दिलाय. ह्याला सायटेशन म्हणतात."

मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे इतके लोक बरे झाले?"

"असणारच की," शेजारी म्हणाला.

तेवढ्यात आकडा हलला. २४,६१८. एका फटक्यात बेचाळीस वाढले. लोकांनी तोंडात बोटं घातली, मग टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या ताईनं तर पडद्याकडे बघून हातच जोडले. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ह्या संस्थेची ग्रंथपाल. सभागृहातला संगणक आणि पडदा ग्रंथालयाच्या ताब्यात असतो, म्हणून अशा प्रत्येक तमाशाला मला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसावं लागतं. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. अठरा वर्षं मी ती बघत आलेय, आणि शिकलेल्या माणसाचं तोंड आकड्यापुढे जितकं बावळट होतं तितकं दुसऱ्या कशापुढेही होत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

मग सर आले. सगळे त्यांना सर म्हणतात, मी मनातल्या मनात आकडेमहाराज म्हणते. उंच, गोरेपान, चालताना कोणाकडेही न बघणारे. मागे त्यांचा स्वीय सहायक, हातात त्यांचा चष्मा घेऊन.

"मी काही चमत्कार करत नाही," महाराज म्हणाले. चमत्काराचं दुकान मांडलेला प्रत्येक माणूस सुरुवात अशीच करतो. "मी तर बोलतसुद्धा नाही. माझे आकडे बोलतात. तीनशे ऐंशी शोधनिबंध. त्यातले त्र्याहत्तर फक्त मागच्या वर्षातले. माझ्यावर विश्वास ठेवू नका. जगानं ठेवलाय, तेवढं पुरे आहे."

त्र्याहत्तर म्हणजे दर पाच दिवसांनी एक. त्याच वर्षी महाराज दीड महिना परदेशात होते आणि तीन आठवडे गुडघा बदलून घरी पडून होते. पाच दिवसांत मला कपाटाची एक फळी नीट लावून होत नाही.

मग त्यांनी खिशातून एक पिवळी कॅप्सूल काढली आणि दोन बोटांत धरून दाखवली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसांसाठी. शस्त्रक्रिया नको, यंत्रावर रक्त धुणं नको. नावनोंदणी सोमवारी. अट एकच: परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून बाकीची सगळी औषधं बंद करायची आणि ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर पुढे ढकलायची.

ताईनं अर्ज घेतला. तिची मूत्रपिंडं जेमतेम बारा टक्के काम करत होती. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा लागत नव्हता. शेजारी भावोजी बसले होते. त्यांच्या सगळ्या तपासण्या होऊन जुळणी झाली होती, आणि वीस तारखेला त्यांचं एक मूत्रपिंड काढून ताईला बसवायचं ठरलं होतं. आज दहा तारीख. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की आता लांबवलं तर पुन्हा ही संधी मिळेल असं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"तो अर्ज दे इकडे," मी म्हटलं.

"देणार नाही."

"ताई, ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय."

"म्हणूनच." ती बाकावर बसली. "सत्तावीस वर्षं संसार केला ह्यांच्याशी. धडधाकट माणूस. आणि आता माझ्यासाठी त्यांना टेबलावर झोपवून कापायचं? उद्या त्यांना काही झालं तर पोरांना काय तोंड दाखवू मी?"

भावोजी म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय? अहो, तुम्हीच समजवा हिला."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चोवीस हजार शास्त्रज्ञ ह्या माणसाच्या पाठीशी आहेत. ते सगळे वेडे, आणि तू एकटी शहाणी?"

"चोवीस हजार माणसं नाहीत ती. उल्लेख आहेत. एखाद्यानं लेख लिहिला की शेवटी यादी देतो, मी अमुक अमुक वाचलं आणि त्याचा आधार घेतला म्हणून. त्या यादीत नाव आलं की एक सायटेशन झालं."

"मग चोवीस हजार वेळा वाचलं ना कोणीतरी? तू वाचलंस का एकदा तरी? तुझ्याच कपाटात आहेत ना ते लेख?"

होते माझ्याच कपाटात. ते अंक आले की मी त्यांवर शिक्का मारायची, नंबर टाकायची आणि फळीवर लावायची. उघडून एकही वाचला नव्हता. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

"सोमवारपर्यंत मला फोन करू नकोस," ताई म्हणाली आणि भावोजींच्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरली.

शनिवारी सकाळी मी ग्रंथालय उघडलं, पिवळ्या कॅप्सूलवरचा मुख्य लेख काढला आणि शब्द न् शब्द वाचायला बसले. लेख अकरा पानांचा. नऊ पानं उंदरांची, एक पान आभाराचं. माणसांबद्दल फक्त एक वाक्य होतं. "हे औषध माणसांसाठी निर्धोक असल्याचे यापूर्वीच सिद्ध झाले आहे." वाक्याच्या शेवटी कंसात आकडा, एक. म्हणजे पुरावा हवा असेल तर यादीतला पहिला संदर्भ बघा.

मी शेवटचं पान उलटलं आणि पहिला संदर्भ वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"गोट्या आणि ठमी. उंदराच्या मूत्रपिंडावर गाजराच्या रसाचा परिणाम. खंड ७, अंक ४, पाने १ ते १०."

मला हसू फुटलं.

गोट्या आणि ठमी ही ताईची मुलं. नऊ वर्षांपूर्वी नव्या विद्यार्थ्यांना संदर्भ कसे लिहायचे हे शिकवण्यासाठी मी एक पानाचं पत्रक केलं होतं. त्यात सगळ्यात वर नमुन्याची एक ओळ हवी होती. खरा लेख कशाला वापरा, म्हणून मी भाचरांची लाडाची नावं टाकली. ठमी तेव्हा सात वर्षांची, गोट्या चार. म्हणून खंड सात, अंक चार. गोट्या गाजर तोंडाला लावायचा नाही, म्हणून गाजराचा रस. असा लेख जगात कोणी लिहिलेला नाही, आणि हाच माझ्या बहिणीच्या जिवाचा जामीन म्हणून छापला गेला होता.

अकराच्या सुमारास एक संशोधक मुलगी प्रबंधाची प्रत जमा करायला आली. डोळे तारवटलेले, केस कसेबसे बांधलेले. मी तिचा प्रबंध घेतला आणि तिच्यासमोरच मागून उघडला. पहिला संदर्भ: गोट्या आणि ठमी.

"हा लेख कुठे वाचलास गं?"

तिनं वाकून बघितलं. "हा होय? हा शेपटातला आहे, मॅडम."

"कसलं शेपूट?"

ती इकडे तिकडे बघून खुर्चीवर बसली. "तुम्हाला माहीत नाही? सरांच्या ऑफिसातून एक फाइल मिळते. सरांचे बेचाळीस लेख. ते जसेच्या तसे यादीत चिकटवायचे. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. शेपूट लावल्याशिवाय सरांची सही होत नाही, आणि लेख असेल तर वर सरांचं नावही घालावं लागतं."

"हे फक्त आपल्या इमारतीत?"

"छे. सर दोन नियतकालिकांचे संपादक आहेत ना. बाहेरच्या कोणी लेख पाठवला की उत्तर जातं, लेख उत्तम आहे, फक्त सोबतचे संदर्भ घालावेत. सोबत शेपूट."

"कोणी नाही म्हणत नाही?"

"नाही म्हटलं तर लेख छापत नाहीत. लेख छापला नाही तर नोकरी टिकत नाही."

"आणि त्या बेचाळीसांपैकी तू किती वाचलेस?"

"एकही नाही, मॅडम. कोणीच वाचत नाही."

मी तिच्याकडून ती फाइल घेतली आणि उघडली. वरच माझ्या पत्रकाचा मथळा होता, "संदर्भ असे लिहावेत." खाली माझी नमुन्याची ओळ, आणि तिच्याखाली महाराजांचे बेचाळीस लेख. सगळा उलगडा झाला. नऊ वर्षांपूर्वी स्वीय सहायकानं माझंच पत्रक साचा म्हणून वापरलं, खाली यादी टाइप केली, आणि वरची ओळ पुसायला विसरला. पुढे ज्यानं ज्यानं शेपूट चिकटवलं त्यानं मथळा तेवढा काढला आणि गोट्या-ठमीला सोबत नेलं. वाचणार कोण?

मला मात्र त्या गाढवपणाचा फायदाच झाला. महाराजांचा कुठला दाखला मनापासून दिलेला आणि कुठला सक्तीचा, हे एरवी कोणाला कळलं असतं? आता सोपं होतं. जिथे गोट्या-ठमी, तिथे शेपूट. धोब्यानं कपड्यावर खूण करावी तशी ती माझी ओळ प्रत्येक सक्तीच्या यादीवर बसली होती.

रविवारचा अख्खा दिवस मी आणि ती मुलगी मोजत बसलो. ती आपणहून आली होती. संध्याकाळी पाचपर्यंत हिशोब लागला. गोट्या-ठमी पाचशे साठ लेखांत होते. प्रत्येकात महाराजांचे बेचाळीस दाखले. पाचशे साठ गुणिले बेचाळीस म्हणजे तेवीस हजार पाचशे वीस. शुक्रवारी आकडा एकदम बेचाळीसनं का उडाला तेही कळलं. कुठेतरी कोणीतरी आणखी एक शेपूट लावलं होतं, आणि त्यावर चारशे खुर्च्या टाळ्या पिटत होत्या.

उरले एक हजार अठ्ठ्याण्णव. त्यातले नऊशे सात महाराजांनी स्वतःच स्वतःच्या लेखांना दिलेले. आरशासमोर उभं राहून स्वतःलाच नमस्कार करायचा आणि तो मोजायचा. राहिले एकशे एक्क्याण्णव परके. त्यातले कॅप्सूलबद्दलचे चौदा आम्ही वाचून काढले. एकात नुसता उल्लेख होता. अकरा जणांनी लिहिलं होतं, आम्ही हाच प्रयोग करून बघितला, काहीही फरक पडला नाही. दोघांनी लिहिलं होतं, आमचे उंदीर मेले. ह्या तेरांचीही सायटेशनं महाराजांच्याच खात्यावर. तुम्ही खोटारडे आहात असं एखाद्यानं लिहिलं तरी आकडा एकानं वाढतोच.

ती मुलगी रडायला लागली. म्हणाली, "मीपण चिकटवलं ना." मी म्हटलं, "मीपण शिक्के मारले."

सोमवारी दहा वाजता सभागृह पुन्हा भरलं. ह्या वेळी रोगीच जास्त. व्यासपीठाखाली टेबल, टेबलावर पिवळ्या कॅप्सूलच्या बाटल्या, समोर रांग. ताई रांगेत सहावी. भावोजी तिची पिशवी धरून उभे. नोंदणीआधी दहा मिनिटं शंका विचारायला ठेवली होती. शंका अर्थातच कोणी विचारत नसतं.

मी टेबलामागून उठले.

"सर, कॅप्सूल माणसांसाठी निर्धोक आहे हे कोणी सिद्ध केलं?"

महाराजांनी माझ्याकडे बघितलं. कपाटच बोलायला लागलं असं त्यांना वाटलं असावं. "बाई, लेखात संदर्भ दिलेला आहे. पहिलाच."

"तो तुम्ही वाचलाय?"

"हा काय प्रश्न झाला?" ते लोकांकडे बघून हसले. लोकही हसले. "वाचल्याशिवाय मी संदर्भ देतो का?"

"लेखकांना ओळखता?"

"फार जुने स्नेही आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत मी स्वतः जाऊन आलोय. अतिशय काटेकोर माणसं. त्यांच्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो."

"झाकूनच ठेवलात," मी म्हटलं आणि ते पान पडद्यावर लावलं. भिंतीएवढ्या अक्षरांत पहिला संदर्भ आला. शेजारी माझं नऊ वर्षांपूर्वीचं पत्रक लावलं, तारखेसकट.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मी रांगेकडे बघितलं. ताई पडदा वाचत होती. ओठ हलत होते. एकदा वाचून झालं, तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ती रांगेतून बाहेर आली आणि सुजलेले पाय ओढत पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"ही माझी मुलं आहेत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ठमी मोठी. गोट्या तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला बुटांच्या नाड्या बांधता यायच्या नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं. ताई हसली नाही. ती महाराजांकडे वळली.

"तुम्ही कधी भेटलात हो माझ्या मुलांना?"

महाराजांनी सहायकाकडे बघितलं. सहायकानं चष्म्याकडे बघितलं. मग महाराज म्हणाले, "छपाईची चूक आहे. कारकुनी चूक. एका संदर्भानं चोवीस हजारांना बाधा येत नाही."

"त्या चोवीस हजारांचंच सांगते," मी म्हटलं, आणि सगळा हिशोब सांगितला. शेपूट म्हणजे काय, ते कोण लावतं, का लावतं. पाचशे साठ, बेचाळीस, नऊशे सात. अकरा आणि दोन. ती संशोधक मुलगी भिंतीपाशी उभी होती. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मी लावलंय शेपूट. वाचलं एकही नाही." तिच्या शेजारचा एक हात वर झाला. मग आणखी पाच-सहा. बाकीचे पांढरे कोट माना खाली घालून बसले. त्यांना आपल्याच बुटांत अचानक फार काही बघण्यासारखं सापडलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी बाटल्या फेकल्या, महाराजांना जाब विचारला. तसं काही झालं नाही. निम्मी रांग मोडली. निम्मी तशीच उभी राहिली. शुक्रवारचे ते आजोबा मला म्हणाले, "पोरी, सगळं खरं असेल तुझं. पण एवढा मोठा आकडा उगाच कसा येईल?" आणि त्यांनी बाटली घेतली. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. अजून घेतायत. महाराजांवर चौकशी समिती नेमली आहे, आणि समितीतल्या तिघांच्या लेखांना शेपूट आहे हे मी शोधून ठेवलंय. आकडा आज २४,६६० आहे. मला ह्या सगळ्याची शिसारी येते, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

एवढंच सांगायचंय. अंगात आलेल्या माणसाला हसणारे आपण, आकडा अंगात आला की मान डोलवायला लागतो. पुढे कोणी मोठा आकडा दाखवला तर तो किती मोठा आहे हे बघत बसू नका. तो कशाचा आहे, कोणी मोजला, आणि मोजणाऱ्यानं मुळात वाचलं होतं का, हे विचारा. विचारायला पदवी लागत नाही. माझ्या ताईकडे नाही.

अठरा तारखेला तिला रुग्णालयात दाखल केलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर संध्याकाळी बघायला आले. तिनं त्यांना पलंगाशी बसवलं आणि विचारलं, "तुम्ही ही ऑपरेशनं स्वतः किती केलीत?"

"एकशे बेचाळीस."

बेचाळीस ऐकून ती माझ्याकडे बघून गालात हसली. मग डॉक्टरांना म्हणाली, "बिघडली किती?"

"नऊ. सहा जणांना नवीन मूत्रपिंड टिकलं नाही. तिघं गेले. मूत्रपिंड देणाऱ्यांपैकी कोणी गेलं नाही, पण एकाची जखम पिकली होती, दोन महिने हैराण झाला. तुम्हाला हवी असेल तर यादी दाखवतो, का बिघडलं तेही लिहिलंय त्यात."

"दाखवा," ताई म्हणाली.

त्यांनी खरोखर यादी आणून दिली. ताईनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. भावोजी संमतीपत्र मांडीवर घेऊन शेजारच्या पलंगावर पाय हलवत बसले होते. वाचून झाल्यावर तिनं तो कागद त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीपण वाचा," ती म्हणाली, "आणि मग सही करा."